मदत हवी आहे: गेमच्या अकाउंटला फोन नंबर सक्तीचा करावा का?

नमस्कार. आम्ही तिघं मित्र नोकऱ्या सांभाळून एक छोटा ऑनलाइन गेम चालवतो. पाच विरुद्ध पाच असे सामने असतात आणि खेळायला पैसे लागत नाहीत. गेले चार महिने शिवीगाळीने आम्ही हैराण झालो आहोत. एखाद्याला बॅन केलं की दहा मिनिटांत तो नव्या ईमेलने परत हजर होतो आणि ज्याने तक्रार केली त्यालाच हुडकून काढतो. गेल्या महिन्यात एका मुलीने याच त्रासामुळे खेळणं सोडलं. तिच्या भावाने आम्हाला लिहिलं, "तुम्ही त्याला सात वेळा काढलंत, तो आठव्यांदा आला." तेव्हापासून मला चैन नाही.

आमच्यातला एक जण म्हणतो, ओटीपी घेऊन प्रत्येक अकाउंट फोन नंबरला जोडून टाकू. नवा ईमेल मिनिटभरात निघतो, नवं सिम घ्यायला पैसे आणि खटपट दोन्ही लागतात. मुद्दा पटण्यासारखा आहे. डोटा २ या गेमने मे २०१७ पासून रँक्ड, म्हणजे क्रमवारी ठरवणाऱ्या, सामन्यांसाठी हेच केलं. एका नंबरावर एकच अकाउंट, तोच नंबर दुसऱ्या अकाउंटला लावायचा तर तीन महिने थांबायचं, आणि इंटरनेटवरून मिळणारे नंबर चालणार नाहीत. अट फक्त रँक्डला होती, बाकी गेम सगळ्यांना मोकळा राहिला. मला हे फार शहाणपणाचं वाटतं.

ओव्हरवॉच २ मध्ये नेमकं उलट झालं. ४ ऑक्टोबर २०२२ ला गेम आला तेव्हा नंबराशिवाय आतच जाता येत नव्हतं, आणि प्रीपेड नंबर नाकारले जात होते. पहिला भाग विकत घेतलेली माणसंसुद्धा बाहेर राहिली. त्यांनी कोणाला शिवी दिली नव्हती, त्यांचं कनेक्शन तेवढं प्रीपेड होतं. काही दिवसांतच बऱ्याच जुन्या खेळाडूंपुरती ही अट मागे घ्यावी लागली.

माझी खरी भीती मात्र नंबर सांभाळण्याची आहे. दक्षिण कोरियाने २००७ मध्ये मोठ्या संकेतस्थळांवर लिहिणाऱ्यांची खरी ओळख पटवणं बंधनकारक केलं. २०११ मध्ये तिथल्या एका मोठ्या सेवेतून सुमारे साडेतीन कोटी लोकांची माहिती चोरीला गेली, आणि ऑगस्ट २०१२ मध्ये घटनात्मक न्यायालयाने तो कायदाच रद्द केला. आम्ही तर तीनच माणसं. आमच्याकडून यादी फुटली, तर शिव्या देणाऱ्याला त्या मुलीचा नंबरच मिळेल.

नंबराऐवजी त्याचा हॅश, म्हणजे गणिताने काढलेली आणि थेट उलटी न फिरवता येणारी खूण, ठेवला तर पुरेल का? आणि घरात एकच फोन आणि खेळणारी भावंडं दोन असतील, तर काय करायचं? कोणी प्रत्यक्ष हे केलं असेल तर कृपया सांगा.

प्रतिसाद १

नुसता हॅश अजिबात पुरणार नाही. दहा आकडी नंबर झाले तरी शक्यता हजार कोटीच, चांगल्या ग्राफिक्स कार्डावर त्या बघता बघता तपासून होतात. गुप्त किल्ली घालून हॅश करा आणि ती किल्ली डेटाबेसपासून वेगळ्या ठिकाणी ठेवा. ओटीपी मागण्यावर मर्यादा घाला. बॉट, म्हणजे आपोआप चालणारे प्रोग्रॅम, शेकडो एसएमएस मागवतात आणि बिल तुमच्या माथी येतं. बंद पडलेले नंबर कंपन्या काही काळाने दुसऱ्या ग्राहकाला देतात, म्हणून नंबरावरचा बॅन कायमचा ठेवू नका.

आणखी एक. लीग ऑफ लिजंड्स या गेमच्या कंपनीने तपासलं तेव्हा सातत्याने वाईट वागणारे खेळाडू सुमारे १ टक्का निघाले, पण एकूण वाईट वागण्यातला त्यांचा वाटा सुमारे ५ टक्केच होता. बाकीचं एरवी बरं वागणाऱ्यांकडून, एखाद्या वाईट दिवशी आलेलं. फोन नंबराने तुमचा तो आठव्यांदा येणारा अडेल. हरल्यावर भडकणाऱ्यासाठी चॅट लगेच थोड्या वेळापुरतं बंद होणं जास्त कामाचं.

धागा काढणारा

मनापासून आभार. बॅन आणि भडकलेला खेळाडू या दोन गोष्टी मी एकाच पोत्यात भरत होतो. आता तिघांनी मिळून ठरवलंय, खेळायला नंबर लागणार नाही. रँक्ड खेळायचं असेल किंवा अनोळखी लोकांशी चॅट करायचं असेल तरच लागेल. तक्रार करणाऱ्याचं नाव समोरच्याला कळेल अशी एक जागा गेममध्ये राहून गेली होती, ती कालच बंद केली. खरं तर हे पहिल्या दिवशी व्हायला हवं होतं.

भावंडांचा प्रश्न अजून सुटलेला नाही. एका नंबरावर दोन अकाउंट चालू दिली आणि एकाच्या वागण्यामुळे बॅन लागला, तर दुसऱ्याचं चॅट बंद करावं का? मला ते अन्यायाचं वाटतं. पण बंद नाही केलं, तर तो आठव्यांदा येणारा आधीच दोन अकाउंट काढून ठेवेल. यावर कोणी मार्ग काढला आहे का?