दहावीच्या इंग्रजीला मराठी अर्थाचा टेकू कधीपर्यंत?

बेळगावचा मास्तर
आमच्या सीमाभागातल्या मराठी हायस्कुलांत इंग्रजीचा तास बहुतेक ठिकाणी अजून तसाच चालतो. सर एक ओळ वाचणार, मराठीत अर्थ सांगणार, पोरं तो पेन्सिलीनं ओळीच्या वर लिहून घेणार. शेवटी फळ्यावर प्रश्नोत्तरं. यावरचा उपाय शोधायला परदेशी जायला नको. इंग्रजी अध्यापनाचे अभ्यासक एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात दक्षिणेतल्या साध्या शाळांतच प्रयोग केला, तो 'बंगळूर प्रकल्प' म्हणूनच ओळखला जातो. पोरांचं डोकं एखादा प्रश्न सोडवण्यात गुंतलं की व्याकरण आतून रुजत जातं, हे त्यांचं म्हणणं.

मी नववीला फळ्यावर मिरज-लोंढा मार्गाचं वेळापत्रक लिहिलं. घटप्रभेहून निघून अकराच्या आत लोंढ्याला पोचायचंय, कुठली गाडी धरायची? एरवी मान वर न करणारी पोरं हात वर करून मोडक्या इंग्रजीत गाड्या सांगायला लागली. एकानं तर खानापूरला गाडी किती मिनिटं थांबते तेही बरोबर काढलं. असा तास आपण का घेत नाही?

खानापूरकरीण (मीही इंग्रजीच शिकवते)
सर, तास छानच झाला असणार. पण त्याच प्रकल्पाची दुसरी बाजूही सांगा की! बेरेटा आणि डेव्हिस या संशोधकांनी १९८५ मध्ये त्याचं मूल्यमापन छापलं. प्रश्न सोडवायच्या कृतींच्या चाचणीत प्रभूंच्या प्रकल्पातली मुलं पुढे होती, वाक्यरचनेच्या चाचणीत नेहमीच्या पद्धतीनं शिकलेली. आणि एसएसएलसीचा, म्हणजे कर्नाटकातल्या दहावीच्या बोर्डाचा, ८० गुणांचा पेपर तुमच्या-माझ्या आवडीनं निघत नाही.

जांबोटी, कणकुंबीसारख्या खेड्यांतून येणाऱ्या पोरींच्या कानावर घरी इंग्रजीचा एक शब्द पडत नाही. कन्नडही त्या शाळेतच शिकतात. पहिल्या भाषेत पक्कं झालेलं दुसऱ्या भाषेला उपयोगी पडतं, हे भाषाशिक्षणाचे अभ्यासक जिम कमिन्स यांनी १९७९ मध्येच मांडलंय. मराठी काढून घेतली तर त्या पोरींनी पाय कुठं टेकायचा?

निपाणीचा पालक
सिद्धांतातलं मला फार कळत नाही. मुलाला हट्टानं मराठी माध्यमात घातलंय. शेजारपाजारचे 'तुमच्या पोराला चार वाक्यं बोलता येतात का' असं विचारतात, तेव्हा गप्प बसावं लागतं. ताई, मार्क पडतात हो, तोंड उघडत नाही. याच भीतीनं लोक मराठी शाळा सोडायला लागलेत.

बेळगावचा मास्तर
ताई, मराठी काढा असं मी म्हणतच नाही. मुलांच्या घरच्या भाषा ही वर्गाची पुंजी आहे, असं २००५ चा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडाही मानतो. कोडं मराठीत बोलून सोडवू दे, उत्तर इंग्रजीत मांडू दे. माझा विरोध आयता अर्थ उतरवून देण्याला आहे. त्यात पोरानं विचार करायला जागाच उरत नाही.

खानापूरकरीण
इथवर मान्य. पण दहावीच्या वर्गावर हा प्रयोग करायला माझी तयारी नाही. नापास झालेल्या पोरीचं पुढच्या वर्षी लग्न ठरतं, हे आमच्याकडं घडतं. आठवीपासून वेळापत्रकं, नकाशे आणा, मी पहिली येईन. दहावीला मात्र मी मराठीत समजावून वाक्यरचना घोटून घेणारच.