ढगात शिरायचं नाही, मग कृत्रिम क्षितिज कशाला?

कृत्रिम क्षितिज म्हणजे बाहेर काही दिसत नसतानाही विमान सरळ आहे की कललंय हे दाखवणारं उपकरण. असं जीव वाचवणारं उपकरण ग्लायडर (बिनइंजिनाचं विमान) स्पर्धेत बंद का ठेवायला लावतात, असं एकाने विचारलंय. प्रश्न रास्त आहे. उत्तर ढगात आहे.

क्युम्युलसच्या, म्हणजे कापसाच्या ढिगासारख्या ढगाच्या, पोटात उचल (वर चढणारी हवा) बऱ्याचदा बाहेरपेक्षा जोरदार असते. समोर कृत्रिम क्षितिज असलं की मोह होणारच: घे गिरक्या, जा वर! पण स्पर्धेत एकाच ढगाखाली कितीतरी ग्लायडर घिरट्या घालतात. दोघं आत शिरले तर एकमेकांना दिसणार कसे? म्हणून एफएआयच्या (हवाई खेळांची जागतिक संघटना) जागतिक स्पर्धांत ढगात उडायला मनाई आहे, आणि जमीन न बघता उडू देणाऱ्या उपकरणांनाही.

"ढगात शिरलं तरी थोडा वेळ अंदाजाने सांभाळता येतं" असंही विचारणाऱ्याचं म्हणणं आहे, ते मात्र अजिबात पटलं नाही. १९५४ साली इलिनॉय विद्यापीठात २० वैमानिकांवर प्रयोग झाला. बाहेरचं दिसेनासं झाल्यावर ताबा सुटायला सरासरी १७८ सेकंद पुरले. सलग वळणात कानातला द्रव स्थिरावतो आणि आपण वळतोय हेच कळत नाही. आम्ही सावंतवाडीकर पावसाळ्यात आंबोली घाटात याची चव घेतो. ढग रस्त्यावर उतरला, कडेची पांढरी रेघ गेली, की गाडी सरळ आहे की तिरकी, काही सांगता येत नाही. तिथे निदान ब्रेक तरी असतो.

नियमाची खरी डोकेदुखी वेगळीच. हल्ली हे क्षितिज फ्लाइट कॉम्प्युटरमध्येच येतं. ते बंद केलंय का, हे तपासता येतं. पण खिशातल्या मोबाइलमध्येही जायरो (वळणं-कलणं ओळखणारा सेन्सर) असतो, त्याचं काय करणार?