सावेदादांना पहिले चित्रपटकार का मानू नये?

नाट्यरसिक, सांगली
विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये येथे केलेल्या ‘सीतास्वयंवर’ नाटकाचा आपण सांगलीकर अभिमान बाळगतो आणि पुढे कितीही सफाईदार नाटके झाली तरी भाव्यांचा आद्यपणा कोणी हिरावून घेत नाही. मग हाच न्याय हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजेच सावेदादा, यांना का नाही? मुंबईत वॉटसन हॉटेलात जुलै १८९६ मध्ये ल्युमिएर बंधूंची चलच्चित्रे दाखवली गेली. ती पाहून या छायाचित्रकाराने इंग्लंडहून कॅमेरा मागवला आणि १८९९ मध्ये हँगिंग गार्डनमध्ये कुस्ती चित्रित केली. चित्रपटाच्या इतिहासावरची आपली व्याख्याने मात्र १९१३ च्या, फाळक्यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’पासूनच सुरू होतात.

कृष्णाकाठ, मिरज
मी सहमत नाही. समोरची घटना टिपणे वेगळे आणि चित्रपट रचणे वेगळे. भाव्यांनी आख्यान लावले, पदे रचली, नटांना तयार केले. फाळक्यांनीही ‘राजा हरिश्चंद्र’साठी कथेपासून फिल्म धुण्यापर्यंतचे सारे काम स्वतः उभे केले, तर सावेदादांची फिल्म धुण्यासाठी विलायतेला पाठवावी लागे. भाव्यांच्या शेजारी बसवायचेच तर फाळक्यांना बसवावे लागेल.

नाट्यरसिक, सांगली
ती कुस्ती वाटेत सापडलेली नव्हती. पुंडलिकदादा आणि कृष्णा न्हावी या मल्लांची ती लढत कॅमेऱ्यासाठी मुद्दाम ठरवलेली होती. जागा कोणती, मल्ल कोण, हे आधी ठरवून मग कॅमेरा फिरवणाऱ्याला केवळ टिपणारा म्हणणे मला अन्यायाचे वाटते.

तालीमकर, विटा
सांगली जिल्ह्यात कुस्तीचे महत्त्व कोणाला सांगायला नको, त्यामुळे पहिला विषय म्हणून लाल मातीची निवड झाली याचा मला मनापासून आनंद आहे. तरीही सावेदादांचे खरे मोठेपण मला वार्ताचित्रांत दिसते. केंब्रिजमध्ये सीनियर रँग्लर, म्हणजे गणिताच्या परीक्षेत पहिले, झालेले र. पु. परांजपे डिसेंबर १९०१ मध्ये परतले तेव्हाचे स्वागत आणि १९०३ चा दिल्ली दरबार त्यांनी चित्रित केला. त्यांना वार्तापटाचे जनक म्हणावे. कथापटाच्या मापाने मोजल्यास ते उगाच उणे ठरतात.

कृष्णाकाठ, मिरज
‘वार्तापटाचे जनक’ हे मला मान्य आहे. ‘पहिले चित्रपटकार’ म्हणायला माझा विरोध कायम आहे, कारण आपल्याकडे कथापटाचा धंदा आणि परंपरा फाळक्यांपासून उभी राहिली.

नाट्यरसिक, सांगली
परंपरा कोणापासून चालली आणि आरंभ कोणी केला, हे दोन स्वतंत्र प्रश्न आहेत. व्याख्यानाची सुरुवात १८९९ पासून करून फाळक्यांकडे यावे, एवढीच माझी मागणी आहे.