भायखळा-माझगावच्या वस्तीवर चित्रप्रदर्शन: मांडणी समाजवार करावी की जागेवार?

पोटमाळा (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. माझगावात आमचं एक छोटं वाचनालय आहे, दोन खोल्या आणि वर पोटमाळा. डिसेंबरात तिथे चित्रप्रदर्शन भरवायचं ठरलंय. विषय आमचीच वस्ती, म्हणजे भायखळ्यापासून माझगाव गोदीपर्यंतचा पट्टा. चित्रं काढणार आठवी-नववीतली मुलं, सोबत दोन-तीन हौशी फोटोवाले आणि जलरंग खेळणारी मी. बँकेतली नोकरी सांभाळून हे चाललंय, त्यामुळे वेळ रविवारचाच.

समितीने आराखडा केलाय तो असा : एका समाजाला एक पॅनल. ईस्ट इंडियन (म्हणजे मुंबईचे मूळचे मराठी बोलणारे ख्रिस्ती), बेने इस्रायली (मराठी बोलणारे ज्यू), पारशी, इराणी, कोकणी मुसलमान, मेमन, चिनी, तेलुगू, उत्तर भारतीय आणि आपण मराठी. प्रत्येक पॅनलवर पोशाख, सण, खाणंपिणं. ऐकायला बरं वाटलं होतं. मग मुलांची पहिली चित्रं आली. पारशी म्हणजे डगली आणि उंच काळी पगडी. ईस्ट इंडियन बाई म्हणजे तांबडं लुगडं. चिनी माणसाच्या डोक्यावर शंकूसारखी गवती टोपी! माझगावात चिनी देऊळ आहे हे त्या मुलाला माहीत नव्हतं, त्याचं घर तिथून चालत सात-आठ मिनिटांवर असेल. चित्र सरळ मोबाइलवरून उतरवलेलं.

काहीतरी चुकतंय हे कळतंय, पण समितीपुढे पर्याय काय ठेवू ते सुचत नाही. दुसरी अडचण म्हणजे मथळे मराठी, हिंदी, इंग्रजी आणि उर्दूत हवेत यावर सगळे राजी आहेत, पण डीटीपीवाल्याने काढलेल्या नमुन्यात उर्दू अक्षरं सगळी सुटी सुटी आली आणि ओळ उलटी लागली. आमच्यात उर्दू वाचणारं कुणी नाही. शेजारच्या किराणावाल्या चाचांनी बघितलं आणि हसून परत दिलं.

जाणकारांनी मदत करावी.

खडू-फळा

ताई, मी पालिकेच्या शाळेत चित्रकला शिकवली, तीही भायखळ्यातच, निवृत्तीपर्यंत. तेव्हा हा रोग माझ्या ओळखीचा आहे. दर ऑगस्टला 'राष्ट्रीय एकात्मता' हा विषय यायचा आणि दर ऑगस्टला तेच चित्र यायचं. चौघेजण हातात हात घालून उभे. एकाला शेंडी, एकाला दाढी, एकाला पगडी, एकाच्या गळ्यात क्रूस. मागे तिरंगा, वर कबुतर. कबुतर बहुतेकांना जमायचं नाही, कावळा व्हायचा.

आमच्या इमारतीत तळमजल्यावर मराठी माध्यम, पहिल्यावर उर्दू, दुसऱ्यावर हिंदी. शाळा तीन, मुख्याध्यापक तीन, जिना एक. मुलं एकमेकांना भेटायची ती पाण्याच्या टाकीवर. सहा नळ, त्यातले चालू दोन, आणि मधल्या सुट्टीत तिथे जे काही चालायचं ते मी वर्षानुवर्षं वरच्या कठड्यावरून पाहिलंय. बाटली कुणाची आधी, धक्का कुणी दिला, शिव्या तिन्ही भाषांतल्या. पण टाकीचं चित्र एकाही पोराने काढलं नाही, कारण 'एकात्मता' म्हटल्यावर टाकी आठवायची असते हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

तेव्हा माझं मत स्पष्ट आहे. पॅनल समाजाचं करू नका, जागेचं करा. नळ, बेकरी, केशकर्तनालय, रेशनचं दुकान, दवाखाना, शाळेचं फाटक, गोदीचं फाटक. मुलाने एक जागा निवडायची, दोन-तीनदा वेगवेगळ्या वेळी तिथे जाऊन बसायचं आणि जे दिसेल ते काढायचं. माणसं आपोआप येतात. कोण कुठल्या समाजाचं हे मथळ्यात लिहावं लागलं तर लिहा, नाही लागलं तर आणखी उत्तम.

राणीच्या बागेतलं भाऊ दाजी लाड संग्रहालय तुमच्या शेजारीच. १८७२ साली ते लोकांना खुलं झालं. वरच्या मजल्यावर मुंबईतल्या जातीजमातींचे मातीचे छोटे पुतळे आहेत, कुणाची पगडी कशी, कुणाचा फेटा कसा हे दाखवणारे. कारागिरी अशी की मी मुलांना तिथे मुद्दाम न्यायचो, पागोट्याची घडी कशी वळते ते बघायला. पण ती मांडणी साहेबाच्या काळातली. डोक्यावर काय आहे ते बघून माणूस खणात ठेवायचा. तुमची समिती नेमकं तेच पुन्हा करायला निघालीय, आणि मातीकाम त्या तोडीचं होणार नाही हे मी आत्ताच सांगतो.

आता जागा सुचवतो.

मागेन डेव्हिड सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ. बगदादी ज्यू व्यापारी डेव्हिड ससूनने १८६० च्या दशकात बांधलेलं, निळं, घड्याळाचा मनोरा असलेलं. त्याच्या आवारात ससून घराण्याच्या नावाच्या शाळा आहेत आणि तिथे शिकणारी बहुतेक मुलं आज मुसलमान आहेत. शाळा सुटण्याच्या वेळी फाटकासमोर उभं राहिलं की चित्र समोर तयार असतं. मात्र आत पहारा असतो. परवानगी आधी काढा, आणि मुलांचे चेहरे फोटोत नकोत.

खडा पारशी. शेट कर्सेटजी माणकजींचा पुतळा, पुलाच्या दोन फाट्यांच्या बेचक्यात. खालून बघितलं तर पारशी उंच आणि ताठ. पुलावरच्या बसमधून बघितलं तर तो आपल्याकडे बघतोय असं वाटतं. एकाच पुतळ्याची खालून आणि वरून अशी दोन चित्रं काढायला लावा, यथादर्शनाचा धडाही होऊन जाईल. त्यांच्या मुलाने, माणकजी कर्सेटजींनी, १८६३ मध्ये मुलींसाठी अलेक्झांड्रा शाळा काढली. मुलींना हे सांगा, पगडीपलीकडे बोलायला विषय मिळेल.

चिनी देऊळ नवाब टँक रोडवर, १९१९ चं. देव वरच्या मजल्यावर, जिना लाकडी. इथले चिनी लोक खलाशी म्हणून, गोदीत कामाला म्हणून आले, आणि १९६२ च्या युद्धानंतर त्यातले बरेच देश सोडून गेले. मुंबईत राहिले त्यांनी दाताचे दवाखाने चालवले, ब्युटी पार्लरं चालवली. त्या पोराला म्हणावं, टोपी खोड आणि दाताच्या डॉक्टरची खुर्ची काढ.

आणि एक जागा समितीच्या यादीत नसणार, म्हणून मुद्दाम सांगतो. मदनपुऱ्यातला बॅगांचा कारखाना. एक खोली, मशिनं भिंतीला लागून, वर माळ्यावर गुंडाळलेल्या पथाऱ्या, खिळ्याला अडकवलेले चार्जर आणि प्रत्येक चार्जरवर पेनाने लिहिलेलं नाव. उत्तर प्रदेश-बिहारची पोरं तिथेच काम करतात, तिथेच झोपतात. 'वस्ती' म्हणताना यांना धरता की नाही, तेवढं आधी ठरवा.

गोदीकाठ

सर, वाचायला मजा आली. पण सगळं असं गोडच दाखवणार का? १९९२-९३ नंतर या पट्ट्यात कोण कुठली खोली विकून कुठे गेलं हे आमच्या घरातल्या म्हाताऱ्यांना तोंडपाठ आहे. आजही भाड्याने जागा बघायला गेलं की एजंट आधी आडनाव विचारतो, मग बजेट. माझ्या मित्राला तीन ठिकाणी 'मालक गावाला गेलेत' असं सांगितलं. तिन्ही मालक एकाच आठवड्यात गावाला!

उंबरपाणी

मी माझगावातल्या म्हातारपाखाडी गावठाणातली, ईस्ट इंडियन. ताई, ते लुगडं आमच्याकडे लग्नात निघतं, आदल्या दिवशी बँड लावून विहिरीवर उंबराचं पाणी आणायला जातात तेव्हा. एरवी मी कुर्ता घालून लोकलला लटकते. माझं चित्र काढायचं असेल तर तसं काढा.

आमच्या गावठाणात येऊन काढायचंच असेल तर मे महिन्यातला मसाला काढा. बॉटल मसाला. मिरच्या, हळकुंडं आणि कितीतरी जिन्नस वेगवेगळे भाजून, कुटून, बिअरच्या बाटल्यांत ठासून भरतात. बाटली गडद रंगाची लागते, उजेडाने मसाल्याचा रंग जातो म्हणून. आईच्या फळीवर अजून ओळीने उभ्या आहेत, लेबलं बिअरचीच. पाहुण्यांचा गैरसमज होतो. डिसेंबरपर्यंत निम्म्या रिकाम्या होतील, पण चित्राला चालतील.

आणि काका बॅप्टिस्टांना विसरू नका. जोसेफ बॅप्टिस्टा आमच्या पाखाडीचे, टिळकांचे वकील, १९१६ च्या होमरूल चळवळीत त्यांचे साथी. भंडारवाडा टेकडीवरची बाग त्यांच्याच नावाची आहे. रोज शेकडो माणसं तिथे फिरायला येतात, पण बाग कुणाच्या नावाची हे विचारलं तर निम्मे गप्प बसतील.

परवानगीचं म्हणाल तर घरांचे फोटो काढायला आमची ना नाही, पण बेल वाजवा. सुट्टीच्या दिवशी कॅमेरे घेऊन जथे येतात आणि ओटीवर वाळत घातलेल्या कपड्यांसकट सगळं टिपून जातात. आम्ही तिथे राहतो हो.

पोटमाळा

सर, ताई, खूप आभार. काल समितीत 'जागेवार' मांडलं. दोघे लगेच तयार झाले, एक ज्येष्ठ सभासद मात्र अडून बसलेत की 'मराठी पॅनल' स्वतंत्र हवंच, नाहीतर आपले लोक कुठे दिसणार. आणि गोदीकाठ यांनी लिहिलंय त्यावर अध्यक्षांचं ठाम म्हणणं, वादाचं काही नको. मला ते पटलेलं नाही, पण वाचनालयाची जागा भाड्याची आहे, हेही खरं. काय करावं?

खडू-फळा

त्या सभासदांना बीआयटी चाळ द्या. प्लेगनंतर १८९८ मध्ये सुधार ट्रस्ट (बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट, म्हणजे बीआयटी) निघाला, त्याने बांधलेल्या या चाळी. गिरणीतला, गोदीतला, रेल्वेतला मराठी माणूस त्यांच्या गॅलऱ्यांत मावेल तेवढा काढा म्हणावं. खानावळीचे डबे काढा, कोकणातून आलेली फणसाची पाटी काढा. पॅनलही मिळेल, हट्टही राहील.

गोदीकाठ यांच्या मुद्द्याला मी बगल देणार नाही. दंगलीचं चित्र आठवीच्या मुलाला काढायला लावू नका, ते आगीचे लोळ काढेल आणि बघणारे मान फिरवतील. त्यापेक्षा पाटी रंगवा. एजंटाच्या दुकानाबाहेर 'जागा भाड्याने' म्हणून काय काय अटी लिहिलेल्या असतात, त्या पाट्या जशाच्या तशा, अक्षरवळणासकट, ठिकाण आणि नावगाव वगळून. चारपाच पाट्या शेजारी शेजारी लावा आणि खाली मथळा देऊ नका. अध्यक्षांना सांगा, हा अक्षरलेखनाचा विभाग आहे. खोटंही नाही. रस्त्यावर उघड टांगलेली पाटी भिंतीवर टांगली तर वाद कसला?

टांगण्याबद्दल थोडं. मंडपवाला पांढरं चुणीदार कापड देईल, ते घेऊ नका, जलरंग त्यावर मरतात. राखाडी सपाट कापड मागा. काच नको, ट्यूबलाइट चमकते आणि चित्राऐवजी स्वतःचं तोंड दिसतं. चित्र जाड माउंटबोर्डवर, मागे नायलॉनची दोरी. मध्यरेषा जमिनीपासून साडेचार-पावणेपाच फुटांवर ठेवा, पोरांनाही दिसेल. मथळा दोन ओळींचा, त्यात काढणाऱ्याचं नाव आणि इयत्ता. पाहुण्यांच्या भाषणासाठी खुर्च्या मध्यभागी मांडतात आणि मग चित्रं पाठीमागे झाकतात. त्या गच्चीवर न्या.

नस्तालीक

उर्दूचं मी बघतो. बिघाड फॉन्टमध्ये नाही, सॉफ्टवेअरमध्ये आहे. उजवीकडून डावीकडे लिहायची सोय बंद असली की अक्षरं जोडली जात नाहीत आणि क्रम उलटतो. डीटीपीवाल्याला म्हणा, डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये थेट चिकटवू नकोस. आधी वर्डमध्ये उजवीकडून लावून घे, तिथून पीडीएफ कर आणि ती पीडीएफ चित्रासारखी ठेव. अजून सोपं हवं असेल तर मजकूर मला इथे निरोपात पाठवा. माझे मामू कातिब होते, बोरूने लिहायचे, दोन बोरू अजून घरात आहेत. किती मथळे आहेत आणि कागद कुठल्या मापाचा तेवढं कळवा, हाताने लिहून देतो.

पोटमाळा

चाळीसच्या आसपास मथळे होतील. माप रविवारी मोजून कळवते. किराणावाले चाचा तपासून द्यायला तयार आहेत, त्यांची अट एकच, दुकानाचं चित्र हवं आणि त्यात वजनकाटा नवा दाखवायचा.