शेजवलकर: शिवचरित्र न लिहिताच थोर?

आडवाट
इतिहासकार त्र्यंबक शंकर शेजवलकरांबद्दल (१८९५–१९६३) थोडं कडू बोलतो. एवढ्या ताकदीच्या माणसाकडून शिवचरित्र हवं होतं. हाती आलं काय, तर ते गेल्यावर १९६४ मध्ये छापलेलं 'श्री शिवछत्रपति': संकल्पित चरित्राची प्रस्तावना, आराखडा आणि साधनं. चरित्र नाहीच! वर १९६६ चा साहित्य अकादमी पुरस्कार. डेक्कन कॉलेजातल्या खुर्चीने त्यांचं नुकसानच केलं, असं माझं मत. 'प्रगति' साप्ताहिक चालवायचे त्या काळातले शेजवलकर मला जास्त जिवंत वाटतात.

मोडीवाचक
नुकसान? अहो, 'पानिपत १७६१' डेक्कन कॉलेजनेच १९४६ मध्ये काढलं ना? रणभूमी स्वतः पाहून लिहिलेलं पुस्तक आहे ते. पराभवाचं खापर सदाशिवरावभाऊच्या माथी मारून मोकळं व्हायची रीत होती. शेजवलकरांनी भाऊची बाजू मांडली आणि नानासाहेब पेशव्याच्या धोरणाला जाब विचारला. पुण्यात बसून हे लिहायला छाती लागते.

आणि त्यांनी संपादित केलेला 'नागपूर अफेअर्स' हा पत्रसंग्रह विसरलात. नाना फडणविसांच्या मेणवली दप्तरातली पत्रं निवडून छापायची म्हणजे काय, हे कागद हाताळल्याशिवाय कळत नाही. पत्रावर चांद्र महिन्याची तारीख असते, साल बहुधा नसतंच. मजकुरातल्या मोहिमा, मृत्यू, नेमणुका यांवरून ते ठरवायचं. एक साल चुकलं की पुढची सगळी संगती बिघडते. यात वर्षं जातात.

आडवाट
जातात, म्हणूनच तर म्हणतो. पत्रं लावणारा दुसरा कुणी मिळाला असता. शिवाजी महाराजांवर त्यांच्यासारखं लिहिणारा कुठून आणायचा?

चहाबाज
इतिहासाचार्य वि. का. राजवाड्यांनी तरी सलग इतिहास कुठे लिहिला? 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चे २२ खंड काढले, आणि आजही लोक भांडतात ते त्यांच्या प्रस्तावनांवरून.

आडवाट
राजवाडे कुठल्या कॉलेजच्या पगारावर नव्हते. तुलना लंगडी आहे.

मोडीवाचक
पगार घेतला म्हणून पुस्तकं मोजून द्यायची? 'दुसरा कुणी' पत्रं लावेल म्हणता; मोडी वाचणारे आज किती उरलेत ते बघा आधी. चरित्र पुढेही लिहिता येतं, नवी माणसं लिहीतही आहेत. पण कच्च्या, न तपासलेल्या साधनांवर लिहिलेली शिवचरित्रं आपल्याकडे काय कमी आहेत? त्यात आणखी एकाची भर त्यांनी घातली नाही, याचं मला तरी दुःख नाही.

आडवाट
मला आहे. आणि आराखड्याला पुरस्कार देणं अजूनही पटत नाही.