लहान मुलांचा रोजा

'मुलांना रमजानमध्ये रोज्यापासून लांबच ठेवा' असं एक मत वाचलं, ते अर्धंच पटलं. वयात येईपर्यंत रोजा फर्ज (बंधनकारक) नाही, त्यामुळे जबरदस्ती नकोच. पण लांब कशाला? हदीसमध्ये (पैगंबरांच्या वचनांच्या आणि त्यांच्या काळातल्या आठवणींच्या नोंदींत) त्यांच्या काळातल्या रुबय्यि बिन्त मुअव्विज ही बाई सांगतात, आशूराच्या (मुहर्रमच्या दहाव्या दिवसाच्या) रोज्याला मदिनेतली मंडळी मुलांनाही रोजा ठेवायला लावत आणि त्यांना लोकरीची खेळणी करून देत. मूल भुकेनं रडलं की खेळणं पुढे करायचं, थेट इफ्तारपर्यंत. (हल्ली मोबाइल पुढे करतात, ते सोडा.)

आमच्याकडे दुपारपर्यंतचा 'चिडिया रोजा' चालतो, आणि संध्याकाळी खजूर वाटायचा मान त्याच रोजेदाराला. रमजान दरवर्षी 10-11 दिवस अलीकडे सरकतो. 2028 ते 2030 मध्ये तो आपल्याकडे ऐन थंडीत, लहान दिवसांत येईल. पहिल्या पूर्ण रोज्याला तोवर थांबलं तरी चालेल.