अनुभव धागा : राज्यघटना आणि संसदीय कामकाज तुमच्या डोक्यात कसं बसलं?

पॉलिटी म्हणजे हमखास मार्कांचा विषय, असं पहिल्या दिवसापासून ऐकवलं जातं. मग पेपरात 'अयोग्य विधान ओळखा' आलं की दोन पर्यायांत जीव अडकतो आणि निगेटिव्ह मार्किंग आठवतं. एमपीएससी, यूपीएससी, गोव्याची परीक्षा, कुठलीही चालेल. हा विषय तुम्ही कसा केलात ते लिहा. पुस्तकांच्या याद्या मात्र नकोत, त्या झेरॉक्सच्या दुकानातही मिळतात.

नवी पेठ, पुणे

२०१९ चा नोव्हेंबर हा आमच्या अभ्यासिकेतला सगळ्यात भारी क्लास होता, तोही फुकट. १२ तारखेला राष्ट्रपती राजवट लागली, २३ ला पहाटे ५:४७ ला उठली आणि लोक दात घासत असताना फडणवीसांचा शपथविधी आटोपला. टपरीवर एकच वाद: राजवट उठवायला केंद्रीय मंत्रिमंडळाची मान्यता लागते ना, मग रात्रीत बैठक झाली कधी? एका सीनियर दादाने केंद्र सरकारच्या कामकाज नियमांतला नियम १२ काढून दाखवला. तातडीच्या वेळी पंतप्रधान नियमाला फाटा देऊ शकतात, मंत्रिमंडळाची मान्यता नंतर घेतली तरी चालते. हे आम्हाला कुठल्याच नोट्समध्ये सापडलं नव्हतं. २६ ला, नेमक्या संविधान दिनी, सर्वोच्च न्यायालयाने बहुमत चाचणीचा आदेश दिला: हंगामी अध्यक्ष, खुलं मतदान, थेट प्रक्षेपण. २८ ला नवे मुख्यमंत्री उद्धव ठाकरे आले, तेही कुठल्याच सभागृहाचे सदस्य नसलेले. म्हणजे कलम १६४(४), सदस्य व्हायला सहा महिन्यांची मुदत. ती संपायच्या आत, मे २०२० मध्ये, ते विधान परिषदेवर बिनविरोध गेले. एवढं डोळ्यांसमोर घडल्यावर रट्टा कशाला मारायचा?

सध्या नोकरीत, छत्रपती संभाजीनगर

वरच्या मित्राशी मी सहमत नाही. टपरीवरची चर्चा मुलाखतीला ठीक, पूर्वपरीक्षेत आयोग तुमचं मत विचारत नाही. तिथे कलमच लागतं, आणि पाठांतराची लाज कसली?

माझी युक्ती सांगतो. केंद्राच्या कलमात ८९ मिळवा, राज्याचं मिळतं. दयेचा अधिकार ७२, राज्यपालांचा १६१. मंत्रिमंडळाचा सल्ला ७४ आणि १६३. महान्यायवादी ७६, महाधिवक्ता १६५. पंतप्रधानांची कर्तव्यं ७८, मुख्यमंत्र्यांची १६७. विशेषाधिकार १०५ आणि १९४, धनविधेयक ११० आणि १९९, विधेयकाला संमती १११ आणि २००. इथपर्यंत गाडी सुसाट. पण अर्थसंकल्प ११२ आणि २०२! एक आकडा सरकला. का? मध्ये २०१ आहे: राज्यपालांनी राष्ट्रपतींसाठी राखून ठेवलेली विधेयकं. केंद्रात राष्ट्रपतींच्या वर कोणी नाही, त्यामुळे तिथे त्याचा जोडीदारच नाही. पुढे ९० मिळवत जा, लेखानुदान ११६ ला २०६, अध्यादेश १२३ ला २१३. (७२ च्या आधी हे चालत नाही, राष्ट्रपती ५२ आणि राज्यपाल १५३ वेगळेच. सभापती-अध्यक्षांचा क्रमही उलटा आहे, तिथेही जपून.) हा एक कागद मी मेसच्या भिंतीवर चिकटवला होता, बाकीचे मेंबर वैतागायचे.

नवी पेठ, पुणे

२०१ चं कारण पहिल्यांदा कळलं. मानलं.

नागपूर

हिवाळी अधिवेशन आमच्याच गावात भरतं, १९५३ च्या नागपूर कराराची देणगी. ओळखीतून प्रेक्षक गॅलरीचा पास मिळाला. तारांकित प्रश्न म्हणजे ज्यावर उपप्रश्न विचारता येतात, हे वाचलेलं होतं. तिथे मंत्र्यांनी 'माहिती घेऊन पटलावर ठेवतो' म्हटलं आणि विरोधी बाकावरून पाच जण एकदम उठले, तेव्हा अतारांकित प्रश्न सरकारला का सोयीचा असतो ते कळलं. दुपारनंतर बाकं रिकामी व्हायला लागली, तशी मी गणपूर्तीसाठी, म्हणजे सभा चालायला लागणाऱ्या किमान हजेरीसाठी, डोकी मोजत बसले. २८८ चा एक दशांश म्हणजे २९. आणि हो, विधिमंडळाला 'दहा सदस्य किंवा एक दशांश, यांत जे जास्त' असं आहे, संसदेला नुसतं एक दशांश. विधानं देताना नेमकं हेच फिरवतात. विदर्भातल्यांनी ३७१(२) पक्कं करून जा, मुलाखतीत विकास मंडळं विचारतात. त्यांची मुदत ३० एप्रिल २०२० ला संपली.

म्हापसा, गोवा

दहावी अनुसूची, म्हणजे पक्षांतरबंदी, शिकायला गोंयासारखी जागा नाही. विधानसभा ४० जणांची. २०१९ मध्ये काँग्रेसच्या १५ पैकी १० आमदार भाजपमध्ये गेले, बरोब्बर दोन तृतीयांश. २०२२ च्या सप्टेंबरात ११ पैकी ८. पूर्वी एक तृतीयांशाची फूट चालायची, २००३ च्या ९१ व्या दुरुस्तीने ती वाट बंद केली, दोन तृतीयांशांच्या विलीनीकरणाची उघडी ठेवली. त्याच दुरुस्तीत मंत्र्यांना १५ टक्क्यांची मर्यादा आली. ४० चे १५ टक्के सहा, तरी आमचे मंत्री १२ कसे? कारण राज्यात किमान १२ ची मुभा आहे. ही ओळ अनेक जण वाचतच नाहीत.

सांगलीजवळचं गाव

आई ग्रामपंचायत सदस्य. पंचायतराजची ७३ वी दुरुस्ती मी तिच्या अजेंड्याच्या नोटिशींवरून केली. अकराव्या अनुसूचीतले २९ विषय आणि प्रत्यक्ष सभेत चालणारे दोन, गटार आणि दिवाबत्ती.

पुन्हा संभाजीनगर

आता राज्यसेवा मुख्य वर्णनात्मक झाली आहे, म्हणून जुन्या पद्धतीने तयारी केलेल्यांना एक सुचवतो. पर्याय निवडायची सवय झालेला हात पटकन लिहिता होत नाही. 'विधान परिषद हवी की नको' एवढाच विषय घ्या. परिषद आणायचं किंवा काढायचं कलम १६९ आधी मांडा: विधानसभेचा ठराव विशेष बहुमताने, संसदेचा कायदा साध्या बहुमताने. मग आपली ७८ जणांची रचना, ३० आमदारांकडून, २२ स्थानिक संस्थांमधून, पदवीधर आणि शिक्षक सात-सात, राज्यपालनियुक्त १२. आणि ते बारा २०२० पासून चार वर्षं रिकामे राहिले, हे लिहायला विसरू नका. तपासणारा तिथे थांबून वाचतो.

म्हापसा, गोवा

आमच्याकडे विधान परिषदच नाही. तो प्रश्न ऑप्शनला टाकला!